प्रोजेक्टर लावताय? स्लॅबला भोक पाडण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोड असो की खारघर, बऱ्याच टू-बीएचकेंचा हॉल दहा-अकरा फूट रुंद आणि सोळा-सतरा फूट लांब असतो. तिथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 100 इंची पडदा आधी आणायचा, मग प्रोजेक्टर, आणि मोजपट्टी सगळ्यात शेवटी काढायची.

हिशेब करून बघा. 100 इंची 16:9 पडदा 221 सेंमी रुंद असतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (लेन्सचं अंतर भागिले चित्राची रुंदी) झूम पूर्ण उघडल्यावर 1.5 असेल, तर लेन्स पडद्यापासून 221 गुणिले 1.5, म्हणजे 332 सेंमी लांब हवी. पडदा लांब भिंतीवर लावला तर समोर हॉलची रुंदीच मिळते, दहा फूट म्हणजे 305 सेंमी. त्यातून प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागच्या वायरींचे 45 सेंमी गेले, उरले 260. चित्र मिळणार जेमतेम 78 इंची. मग पडदा अरुंद भिंतीवर लावा, म्हणजे झोताला हॉलची लांबी मिळते, नाहीतर 0.5 रेशोचा शॉर्ट थ्रो घ्या. त्याला 110 सेंमी पुरतात.

आता पंखा. तो नेमका मधोमध असतो. जिथे लेन्स येणार तिथून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणा. सुतळी पात्याला लागली, तर चित्रावर सावली फडफडत राहणार. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

चित्र तिरकं आलं की लगेच कीस्टोन (तिरकं चित्र मेनूतून सरळ करायची सोय) वापरू नका. त्यात पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं धूसर होतात. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) नसलेले बहुतेक घरगुती डीएलपी प्रोजेक्टर छताला उलटे टांगायचे असतात, आणि लेन्स पडद्याच्या वरच्या कडेच्या थोडी वर यावी लागते. नेमकं किती, ते मॅन्युअलमध्ये ऑफसेट म्हणून दिलेलं असतं. पडदा जमिनीपासून 75 सेंमीवर लावला तर वरची कड 2 मीटरवर येते. प्रोजेक्टर टांगायच्या पाइपची लांबी त्यावरून ठरवा. पाइप खाली आला की झोत बहुधा पंख्याखालूनही जातो.

फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डला किंवा पत्र्याच्या चॅनेलला प्रोजेक्टर टांगू नका. बोर्डला भोक पाडून पाइप थेट स्लॅबपर्यंत न्या आणि अँकर फास्टनरने पक्का करा. टॉवरचा स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर सोसायटीकडून केबलचा नकाशा मिळाल्याशिवाय ड्रिल चालवू नका.

वायरिंगसाठी 19 मिमीचा पाइप टाकला तर एचडीएमआयचं डोकं त्यातून जातच नाही. पाइप मोठा घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणं द्या आणि आत एक ओढतार ठेवून द्या. 10 मीटरपुढे 4के चित्र मधूनच काळं पडत असेल, तर साध्या तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल केबल टाका. तिला दिशा असते: सोर्सचं टोक चुकून प्रोजेक्टरला लावलं तर काहीच दिसत नाही.

पडद्यातही एक फसवी जोडी आहे. अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीचा (पडद्याखालीच ठेवायच्या प्रोजेक्टरचा) एएलआर, म्हणजे खोलीतला इतर प्रकाश अडवणारा पडदा, वरून येणारा प्रकाश परत डोळ्यांकडे येऊ देत नाही. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोतही वरूनच येतो, म्हणून चित्र काळवंडतं. अशा वेळी मॅट व्हाइट पडदा आणि जाड पडदे लावलेली खिडकी बरी.

आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत असेल, तर फ्रेमचा पडदा तिथे लावूच नका. फ्रेमच्या काळ्या मखमलीवर बुरशी धरते. आतली भिंत निवडा.