फियाटच्या डिस्क रंगवण्याआधी घोडा तयार करा

स्टेपनी धरून डिस्क (टायर ज्यावर बसतो ती लोखंडी चाकं) पाच, हे आधी मोजा. मागे मी चारच रंगवल्या आणि पहिल्याच पंक्चरला आमची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, एका पायात वेगळा जोडा घालून निपाणीभर फिरली.

डिस्क जमिनीवर टेकवून रंग मारला की एक बाजू वाळेपर्यंत दुसरी खोळंबते आणि कडेला ओघळ येतात. म्हणून फिरता घोडा हवा, म्हणजे डिस्क अडकवून फिरवता येईल असा स्टँड. त्यासाठी भंगारात पुढच्या चाकाचा हब (डिस्क ज्यावर आवळली जाते तो फिरता भाग) शोधा, स्टब ॲक्सलसकट (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) आणि आपल्याच गाडीचा. मी आधी शहाणपणा करून हबऐवजी दोन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) प्लेटला भोकं पाडून घेतली. एक भोक अर्धा सूत सरकलं आणि चाक पिंगा घालू लागलं. हबमध्ये बेअरिंग आयतं असतं, भोकंही जुळलेलीच. शिवाय हब जिथे डिस्कला टेकतो ती जागा आपोआप झाकली जाते. तिथे रंगाचा जाड थर नकोच. तो दबतो आणि नट सैल होतात. गंज धरू नये म्हणून प्रायमरचा एक पातळ हात पुरे, तोही चाक चढवण्याआधी वाळलेला.

बुडाला ट्रकचा टाकाऊ ब्रेक ड्रम, त्यावर दीड इंची पाइप, कमरेपेक्षा थोडा उंच. त्याला आडवा हात, आणि हाताच्या टोकाला स्टब. हा आडवा हात कोपरापासून बोटांपर्यंत तरी लांब ठेवा, नाहीतर डिस्कच्या पोटात रंगाची स्प्रे गन शिरत नाही. आमचे वेल्डिंगवाले मामा कन्नड बोलतात, मी मराठी, पण सूत दोघांनाही कळतं. टाके मारण्याआधी बेअरिंग काढून घ्या. करंट त्यातून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात. बेअरिंग परत बसवल्यावर बाहेर आलेलं ग्रीस थिनरने लख्ख पुसा. बोटाला लागलेलं ग्रीस डिस्कवर गेलं की तिथे रंग फाटतो.

वायपरची मोटर लावून घोडा आपोआप फिरवायचा सल्ला हमखास मिळेल. नको. तिच्या आतल्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात आणि भोवती थिनरची वाफ असते. डाव्या हाताने हबच्या मागून फिरवा.

टायर पंक्चरवाल्याकडून उतरवा, बॅलन्सिंगच्या वजनाचे शिशाचे तुकडे काढा. तारेच्या ब्रशने गंज घालवल्यावर बोल्टच्या भोकांभोवती नीट बघा. केसाएवढी चीर दिसली तर ती डिस्क रंगवू नका, भंगारात द्या. मग ८० ते २४० नंबरचा पेपर, शेवटी ४०० चा पाण्यातून. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची ती दर्शनी भागात, टायर बसतो त्या कडेला अजिबात नाही.

घासकाम पावसाळ्यात उरका, रंग मात्र दिवाळीनंतर. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. हिवाळ्यातही आमच्याकडे एक कटकट आहेच. ऊसतोड सुरू झाली की कुणीतरी पाचट पेटवतो आणि काळी राख थेट ओल्या रंगावर. वारा बघा, शेजारच्या फडात काय चाललंय ते विचारा, अंगणात पाणी शिंपडा. दहा वाजेपर्यंत धुकं गेलेलं असतं.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडून द्या. गनला १.४ मिमीचा नोझल. घरच्या अंगणात मी साधं एनॅमलच मारतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे विषारी रसायन तोंडावर बांधलेल्या फडक्याने अडत नाही. आधी आतली बाजू, मग दर्शनी, आणि प्रत्येक हातानंतर रंग थिजेपर्यंत चाक फिरतं ठेवा. चाकाच्या मधल्या टोपीभोवती बारीक रेघ हवी असेल तर ब्रश स्थिर धरून चाक फिरवा. माझ्या थरथरत्या हातालाही ती जमली.

टायर चढवायची घाई नको, आठवडा जाऊ द्या. मग संकेश्वरपर्यंत एक चक्कर मारून या आणि पाचही नाही, फक्त चार चाकांचे नट पुन्हा आवळा.