इनडिझाइनच्या इंडेक्समधले ते ^ वाले कोड

गेल्या श्रावणात मालवणात मासळीवरच्या एका पुस्तकाचं डीटीपी इनडिझाइनमध्ये (पुस्तकाची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) करत होतो, शेवटी इंडेक्स होता, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर त्याची सूची, आणि मी शहाण्यासारखा इंडेक्स जनरेट करून मग एकेक ओळ हाताने सजवत बसलो, टॅब टाक, आकडे बोल्ड कर, मध्ये दोनदा लाईट गेली, रात्रीचा दीड वाजला. सकाळी लेखकाचा फोन, मधे दोन पानं वाढलीत. परत जनरेट केलं आणि सगळं मुसळ केरात.

तर इंडेक्सला हात लावायचाच नाही, काय हवं ते आधीच सांगून ठेवायचं. इंडेक्स पॅनेलच्या मेनूत जनरेट इंडेक्स, तिथे मोअर ऑप्शन्स दाबा (हे बटण कोणी दाबतच नाही), तळाला एंट्री सेपरेटर्सचे सहा बॉक्स दिसतील. पहिला फॉलोइंग टॉपिक, तो रिकामा वाटतो पण त्यात दोन स्पेस असतात, त्या पुसा आणि ^ ला चिकटून इंग्रजी स्मॉल टी टाका, हा झाला टॅब. मग इंडेक्स लेव्हल १ या पॅराग्राफ स्टाइलमध्ये (इंडेक्सच्या ओळींची सजावट इथे ठरते) उजव्या कडेला राइट टॅब लावून लीडरला, म्हणजे टॅबची मोकळी जागा भरणाऱ्या चिन्हाला, टिंब द्या की झालं:

बांगडा ............ 42, 57–59

त्या 57 आणि 59 मधली रेघ पेज रेंजच्या बॉक्समधल्या ^= मुळे येते, तो एन डॅश, हायफनपेक्षा जरा लांब रेघ. तुमच्या फॉन्टात तो नसेल तर तिथे गुलाबी चौकोन दिसेल, मग सरळ हायफन टाका. आकडे फार लांब लांब वाटले तर बिटवीन पेज नंबर्समध्ये स्वल्पविरामापुढची स्पेस काढून ^< टाका, बारीक जागा सुटते. बोल्ड आकड्यांसाठी त्याच डायलॉगमध्ये पेज नंबरला कॅरेक्टर स्टाइल (फक्त तेवढ्या अक्षरांची सजावट) निवडता येते, मला हे कळायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

‘सुरमई (इसवण)’ मधलं कंसातलं नाव बारीक हवं होतं, त्याला या डायलॉगमध्ये सोय नाही. इंडेक्स लेव्हल १ मध्येच ग्रेप स्टाइल लावली (दिलेल्या पॅटर्नमध्ये बसणारा मजकूर ती आपोआप सजवते), पॅटर्न \(.+?\) आणि पुढे छोट्या अक्षरांची कॅरेक्टर स्टाइल. कितीही वेळा जनरेट करा, टिकते.

जोडाक्षरं फुटलेली दिसली तर त्याच स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (मराठीसारख्या लिप्या नीट जुळवणारा) आहे का बघा. आणि रिप्लेस एक्झिस्टिंग इंडेक्सची टिक राहू द्या, नाहीतर जुना इंडेक्स तसाच आणि दुसरा कर्सरला लटकलेला.