दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

कमरेतली गादी सरकली, नस दबली, पाय महिनोन्महिने ठणकला आणि शेवटी ऑपरेशन झालं. मायक्रोडिस्केक्टमी (सूक्ष्मदर्शकातून बघत गादीचा तुकडा काढणं) असेल तर पाठीवर दोन-तीन सेंटीमीटरचा छेद, एंडोस्कोपीने, म्हणजे बारीक नळीच्या दुर्बिणीतून, केलं असेल तर एक सेंटीमीटरहूनही लहान. बरेच पेशंट एक-दोन दिवसांत चालत घरी येतात. मग कुणीतरी म्हणतं, "एवढंसं तर भोक आहे!" आणि गडबड सुरू होते.

या ऑपरेशनात सर्जन पूर्ण गादी काढत नाहीत, नसेवर दाब देणारा तुकडा काढतात. गादीचं बाहेरचं चिवट कडं जिथे फाटलेलं असतं, ती फट सहसा शिवत नाहीत. गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे कातडी दहा-चौदा दिवसांत मिटली तरी आतली फट भरायला काही महिने लागतात. तिथूनच पुन्हा तुकडा बाहेर येऊ शकतो. साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना हा त्रास होतो.

पायाची कळ थांबली की कामाला लागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पायातली कळ बऱ्याचदा ऑपरेशननंतर लगेच कमी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस बादली उचलतो, गॅसचा सिलिंडर सरकवतो, नातवाला कडेवर घेतो. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलो. साधारण पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंच्या वर जाऊ नका. नेमका आकडा आणि मुदत प्रत्येक सर्जन वेगळी सांगतो, काही जण बरीच सूटही देतात. आपल्या सर्जनचं ऐका, शेजाऱ्याच्या सर्जनचं नको. सगळ्यात वाईट म्हणजे वाकणं, वळणं आणि वजन हे तिन्ही एकदम. लादी पुसताना, ओले कपडे बादलीतून काढून वाळत घालताना नेमकं तेच होतं. आणि ही कामं बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याची, म्हणून "जपून करते" यावर समाधान मानू नका, ती दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

सव्वा महिना अंथरुणात

दुसरं टोक. बाळंतिणीसारखं पडून राहिल्याने गादी लवकर भरत नाही. स्नायू मात्र ढिले पडतात आणि पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला आणि हळूहळू वाढवत न्या. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि हाताच्या जोराने उठा. कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तर सांगितला तितकेच दिवस.

बसणं म्हणजे आराम नव्हे

स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा पुढे झुकून बसण्यात तो जास्त भरला. त्यामुळे भेटायला आलेल्यांसोबत मऊ सोफ्यात तासभर गप्पा मारणं हे पहिल्या आठवड्यांतलं खरं कष्टाचं काम. वीस-तीस मिनिटांनी उठा, पाहुण्यांना राग आला तर येऊ दे. जमिनीवर मांडी घालून जेवण सध्या बंद. देशी संडास असेल तर मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, ती ऑपरेशनआधीच आणून ठेवा.

संडासाचा विषय निघालाच आहे तर बद्धकोष्ठाचं बोलून घेऊ, कारण पेशंट तो लाजून सांगत नाहीत. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी पोट घट्ट होतं आणि कुंथलं की गादीवर दाब येतो. पाणी, भाज्या, रात्री इसबगोल. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून औषध मागून घ्या.

कळ परत आली म्हणून घाबरणं, किंवा न घाबरणं

नस महिनोन्महिने दबलेली असते, ती एका दिवसात शांत होत नाही. हालचाल वाढली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाय पुन्हा दुखू शकतो. दोन-तीन दिवस चालणं थोडं कमी करा. उतरत गेलं तर ठीक. बहुधा आधी कळ जाते, मग मुंग्या आणि बधिरपणा. पायाची ताकद भरायला सगळ्यात जास्त वेळ. थोडा बधिरपणा काहींना कायमचाही राहतो. लगेच स्वतःहून एमआरआय काढून आणू नका. ताजी सूज आणि जखमेचा भाग त्यात असा दिसतो की गोंधळच वाढतो.

पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत, गुदद्वाराभोवती बधिर वाटलं, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. तेव्हा एकेक तास मोलाचा असतो. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तरी तेच. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, एकाच पोटरीला सूज, यांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी काही

प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन ही नसेच्या दुखण्यावरची औषधं बरं वाटलं म्हणून अचानक बंद करू नका, ती टप्प्याटप्प्याने सोडतात. कंबर चोळून घेणं, "मणका बसवून" घेणं पूर्ण वर्ज्य. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं निकोटीन जखम भरण्याच्या आड येतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर टाके पिकतात. मोबाइलवर पाहून सूर्यनमस्कार किंवा पश्चिमोत्तानासन तर नकोच. रीतसर व्यायाम बहुधा चार ते सहा आठवड्यांनी, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू होतो.

ऑफिसचं काम अनेकांना दोन ते चार आठवड्यांत जमतं, अंगमेहनतीचं मात्र दोन-तीन महिन्यांनी. स्कूटरला सर्जनने होकार दिला तरी आधी रिकाम्या, सपाट रस्त्यावर चालवून बघा आणि मागे कुणाला बसवू नका.