डेटाबेस क्लायंट निवडताना किमतीआधी ऑटोकमिट पाहा

पहिल्या नोकरीत तीन वर्षे मी ओरॅकल या डेटाबेसवर काम केले आणि मोफत मिळणाऱ्या एसक्यूएल डेव्हलपर या क्लायंटखेरीज (डेटाबेसला जोडून क्वेरी, म्हणजे आज्ञा, चालवण्याचा प्रोग्रॅम) दुसरे काही उघडण्याची वेळच आली नाही. नोकरी बदलल्यावर समोर मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आला. तेव्हा कोणता क्लायंट घ्यायचा हे ठरवायला मी जेमतेम दहा मिनिटे दिली: पैसे पडत नाहीत, दिसायला बरा आहे, शेजारचा सहकारीही तोच वापरतो. ही घाई महिनाभरातच एका शुक्रवारी संध्याकाळी अंगाशी आली.

काम किरकोळ होते. एका ग्राहकाची उधारीची मुदत ३० दिवसांवरून ४५ दिवसांवर न्यायची होती. क्वेरी तीन ओळींची होती आणि बरोबरही होती. पण चालवताना माऊसने वरच्या दोनच ओळी निवडल्या गेल्या, कोणत्या ग्राहकाचे बदलायचे ते सांगणारी 'व्हेअर'ची ओळ खाली राहिली, आणि क्लायंटने निवडलेला मजकूर तेवढाच चालवला. ४,३१२ ओळी बदलल्याचा संदेश आला. तरीही मी घाबरलो नाही. जुन्या सवयीने 'रोलबॅक', म्हणजे बदल मागे घेण्याची आज्ञा, लिहून चालवले आणि ते कोणतीही तक्रार न करता पार पडले. टेबल पुन्हा उघडले, तर सगळ्याच ग्राहकांची मुदत ४५ दिवस झालेली. घाम फुटला तो तेव्हा.

हा सापळा नीट समजून घ्या. बदल पक्का करणे म्हणजे कमिट, आणि तो आपोआप पक्का होणे म्हणजे ऑटोकमिट. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असते, त्यामुळे तुम्ही कमिट करेपर्यंत बदल तुमच्यापुरताच राहतो. मायएसक्यूएलचे प्रत्येक सत्र मात्र ऑटोकमिट चालू ठेवूनच सुरू होते. प्रत्येक विधान हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) ठरते आणि पूर्ण होताच पक्के होते. नंतरच्या रोलबॅकला मागे घ्यायला काही उरलेलेच नसते, आणि तसे ते सांगतही नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची मूळ वागणूकही अशीच आहे. त्यात भर म्हणजे क्लायंट आपल्या सेटिंगनुसार ही वागणूक बदलू शकतो, म्हणून तोच सर्व्हर आणि तीच क्वेरी असूनही दोन क्लायंटमध्ये परिणाम वेगळा होऊ शकतो. त्यातच ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर' (टेबलाची रचना बदलणे) किंवा 'ट्रंकेट' (टेबल रिकामे करणे) चालवले, की आधीचे अर्धवट राहिलेले बदलही आपोआप कमिट होतात. तिथे ऑटोकमिट बंद असण्याचा काही उपयोग नाही.

आमचे डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएंनी आदल्या रात्रीचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवला आणि जुन्या मुदती जॉइन लावून, म्हणजे दोन्ही टेबले जुळवून, परत आणल्या; त्या दिवशी झालेले खरे बदल मात्र आम्हाला एकेक करून हाताने शोधावे लागले. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ऑटोकमिट चालू होतं का, ते पाहिलं होतंत?" 'दहा सर्वोत्तम टूल' छापाचे व्हिडिओ मी त्याआधी ढिगाने पाहिले होते, हा प्रश्न त्यातल्या एकातही नव्हता.

मग ऑटोकमिट सरसकट बंद करावे का? प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू डेटाबेसवर, होय, पण त्याचीही किंमत असते. पुढच्याच आठवड्यात मी कमिट करायला विसरून जेवायला गेलो. माझ्या ट्रान्झॅक्शनने ओळी अडवून धरल्या आणि इतरांना ५० सेकंद वाट पाहून १२०५ क्रमांकाची चूक दिसू लागली. डीबीव्हर या क्लायंटमध्ये प्रत्येक जोडणीला डेव्हलपमेंट, टेस्ट किंवा प्रॉडक्शन असा प्रकार देता येतो आणि त्या प्रकारानुसार रंग व कमिटची पद्धत ठरवता येते. माझी प्रॉडक्शनची जोडणी लाल आणि हाताने कमिट करण्याची आहे. मायएसक्यूएल वर्कबेंच या क्लायंटचा 'सेफ अपडेट्स' हा पर्याय 'व्हेअर'मध्ये 'की' (ओळ शोधण्याचा स्तंभ) नसलेले अपडेट ११७५ क्रमांकाची चूक देऊन नाकारतो. तो पहिल्याच दिवशी बंद करायला सांगणाऱ्या वरिष्ठाचे ऐकू नका.

पैशांबाबत फार घाबरण्याचे कारण नाही. एकाहून अधिक प्रकारच्या रिलेशनल, म्हणजे टेबलांच्या, डेटाबेसवर काम असेल तर डीबीव्हरची मोफत कम्युनिटी आवृत्ती पुरते. टेबले नसलेल्या मोंगोडीबीसाठी मात्र सशुल्क आवृत्ती लागते. फक्त पोस्टग्रेस असेल तर पीजीअॅडमिन, विंडोजवर मायएसक्यूएल असेल तर हायडीएसक्यूएल पुरेसे आहे. एसक्यूएल सर्व्हरचा मॅनेजमेंट स्टुडिओही मोफत आहे, पण विंडोजपुरताच. डेटाग्रिप या क्लायंटला कंपनीच्या कामासाठी वर्गणी पडते. विद्यार्थ्यांना ते मोफत मिळते, आणि दिवसभर क्वेरी लिहिणाऱ्याला ती वर्गणी परवडते असे माझे मत आहे. मोफत म्हणजे कायमचे, असेही धरू नका: अझूर डेटा स्टुडिओ हा मोफत क्लायंट फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये जाहीर केले. क्रॅक केलेला क्लायंट मात्र अजिबात नको. ज्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही प्रॉडक्शनचा पासवर्ड टाकणार, तो कोणीतरी आधीच उघडून बदललेला असतो.

कोणताही क्लायंट घेतला तरी पहिल्या दिवशी एक चाचणी करा. स्वतःच्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये एका ओळीचे टेबल बनवा, ती ओळ बदला आणि कमिट न करता दुसरी, अगदी नवी जोडणी उघडून तीच ओळ वाचा. जोडणी नवीच हवी, कारण आधीपासून उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये मायएसक्यूएल जुनेच चित्र दाखवू शकते. तिथे नवा आकडा दिसला, तर ऑटोकमिट चालू आहे.