ड्युएलिस्ट शिकायचंय ना? मग पत्ते सोडा, आधी घरं मोजा

ड्युएलिस्ट हा ऑनलाइन गेम नवीन सुरू करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की सगळ्यात भारी डेक (पत्त्यांचा संच) कुठला, आणि लगेच कोणीतरी त्याला एक यादी चिकटवतं, सोबत सल्ला की हे पत्ते जमव आणि समोरच्या जनरलला, म्हणजे जो मेला की डाव संपतो त्या मुख्य मोहऱ्याला, थेट ठोकत सुट. मग तो बिचारा हरत राहतो आणि म्हणतो हा सगळा नशिबाचा खेळ आहे. अरे नाहीये. दिसायला पत्त्यांचा गेम असला तरी खरी मारामारी पटावर आहे, नऊ घरं लांब आणि पाच घरं रुंद, आणि त्या ४५ घरांत तुमचा जनरल कुठे उभा आहे यावर निम्मे डाव ठरतात.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. काउंटरप्ले गेम्सने २०१४ला किकस्टार्टरवर पैसे उभे करून हा बनवायला घेतला, २०१६ला सगळ्यांसाठी आला, आणि २७ फेब्रुवारी २०२०ला सर्व्हर बंद. ऑनलाइन गेमचा सर्व्हर गेला की सगळंच गेलं, घरी ठेवायला काही उरत नाही. पण जानेवारी २०२३मध्ये मूळ कोड आणि चित्रं सीसी झीरोखाली खुली झाली, म्हणजे कोणीही घ्या, कोणीही चालवा, आणि चाहत्यांनी खरंच चालवला. शिवाय ड्रीम स्लॉथ गेम्सचा ड्युएलिस्ट २ वेगळा आहेच. दोन्हीकडे काही नियम आणि पत्ते थोडे इकडेतिकडे असतात, मी खाली लिहितोय ते मूळ गेमच्या हिशोबाने.

आता पायऱ्या. गेम उघडा, खातं बनवा, ट्युटोरियल पूर्ण करा. ट्युटोरियल टाळू नका एवढंच.

मग गट निवडा. सहा आहेत: लायोनार, साँघाय, वेट्रुव्हियन, अबिसियन, मॅगमार, वनार. चित्रं बघून निवडावंसं वाटणार, ते मला कळतं, ग्लाउबर कोटाकीची पिक्सेल आर्ट आहे ती, एकेक सैनिक उभ्या जागी श्वास घेताना दिसतो आणि मरताना तर अजून सुंदर मरतो. माझा गेमवरचा जीव निम्मा त्या चित्रांमुळेच आहे. तरी सुरुवात लायोनारनेच करा, आर्जियन जनरल घेऊन. कारण सोपं आहे: लायोनारचे झील नावाचा गुण असलेले मिनियन (पत्त्यांतून पटावर उतरवायचे सैनिक) जनरलच्या शेजारी उभे असले तरच ताकद दाखवतात, आर्जियनचा स्वतःचा स्पेलसुद्धा (जादू) शेजारच्याच मिनियनचा अटॅक वाढवतो, त्यामुळे कोण कुठे उभं आहे हे बघायची सवय झक मारत लागते. साँघायने सुरुवात करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तो गट मजेशीर आहे पण टेलिपोर्टच्या, म्हणजे एका घरातून थेट दुसरीकडे उडी मारायच्या, करामतींमध्ये मूळ पट शिकायचाच राहून जातो.

माना, म्हणजे पत्ते खेळायला खर्चायची शक्ती, समजायला अवघड नाही. पहिल्या खेळाडूला २ मिळतात, दुसऱ्याला ३, दर चालीला एक वाढतो, ९पर्यंत. पटाच्या मधल्या भागात तीन माना टाइल असतात, त्यावर पोचणाऱ्याला त्या चालीपुरता एक माना जास्त. दर चालीला हातातला एक पत्ता बदलता येतो, तो बदला, दर वेळी बदला, न बदलता चाल संपवणारे लोक बघितले की मला कसंतरी होतं.

आता मुख्य भाग, जो कोणी नीट सांगत नाही आणि जो डोक्यात बसेपर्यंत माझा बराच घाम निघाला. पोच.

साधा मिनियन किंवा जनरल एका चालीत दोन घरं चालतो आणि मग शेजारच्या घरातल्यावर हल्ला करतो. चालताना तिरकं एक घर म्हणजे दोन घरं धरतात, हल्ला मात्र आठही बाजूंना चालतो, तिरका पण. हल्ला केला की हलणं संपलं, म्हणून आधी चाला मग मारा. याचा अर्थ काय होतो ते कागदावर चौकटी काढून बघा: सरळ रेषेत तीन घरांवरचा माणूस मार खातो, तीन घरं पुढे आणि एक बाजूला असलेलाही खातो, दोन पुढे दोन बाजूला असलेलाही खातो. पण तीन पुढे आणि दोन बाजूला असेल तर? पोचत नाही. एवढंसं अंतर, पण डाव तिथेच फिरतो. कबड्डीत चढाईला आलेल्याचा हात कुठपर्यंत येतो ते बचाव करणाऱ्याला जसं न बघता कळतं तसं हे कळायला हवं, प्रत्येक चाल संपवायच्या आधी समोरच्या प्रत्येक मिनियनपासून तुमचा जनरल किती घरं आहे ते मोजा, अंदाज नको, खरंच बोट ठेवून मोजा.

उदाहरण देतो. तुम्ही दुसऱ्या नंबरवर खेळताय, ३ माना आहेत. सगळीकडे सांगतात ती चाल: जनरल दोन घरं पुढे, मधल्या टाइलवर २ मानाचा मिनियन ठेवायचा, टाइलचा एक माना परत मिळतो, की लगेच अजून एक २ मानाचा मिनियन. पहिल्याच चालीत दोन मिनियन, भारी वाटतं. पण समोरच्याने आधी जनरल दोन घरं पुढे आणून त्याच्या पुढ्यात एक मिनियन ठेवला असेल तर तुमचा टाइलवरचा मिनियन त्या दोघांच्याही पोचेत आहे, जनरलचे दोन आणि मिनियनचे दोन मिळून चार डॅमेज, तीन हेल्थचा असेल तर गेलाच. म्हणून चाल वाईट आहे असं नाही, मी अजूनही करतो, फक्त दुसरा मिनियन असा ठेवायचा की पुढे आलेला त्यांचा जनरल नंतर तुमच्या दोघांच्या तावडीत सापडेल. हा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

आता रश. रशवाला मिनियन आला त्याच चालीत चालतो आणि मारतो. नवा मिनियन तुमच्या कुठल्याही माणसाच्या शेजारी ठेवता येतो, तिरका पण. म्हणजे जनरल दोन घरं चालला, एक घर पुढे सेबरस्पाइन टायगर हा रशवाला मिनियन ठेवला, टायगर दोन घरं चालला आणि एक घर लांबचं मारलं, सरळ रेषेत सहा घरं! नऊ घरांच्या पटावर सहा. तेव्हा रशपासून पूर्ण सुरक्षित जागा शोधत बसू नका, ती नसते, रस्ता अडवा. तुमची माणसं तुमच्या माणसांमधून आरपार जाऊ शकतात, शत्रूची जाऊ शकत नाहीत, त्यामुळे दोन मिनियन नीट ठेवले तर पाच घरं रुंद पटावर रस्ता बऱ्यापैकी बंद होतो. प्रोव्होकवाला असेल तर अजून बरं, त्याच्या शेजारी अडकलेला शत्रू हलू शकत नाही आणि त्यालाच मारावं लागतं, जनरल असला तरी. लायोनारकडे सिल्व्हरगार्ड नाइट यासाठीच आहे. आणि हो, तोच नाइट समोरच्याकडेही असतो, तुमचा जनरल उगाच पुढे एकटा उभा असेल तर तो येऊन चिकटतो आणि पुढची अख्खी चाल वाया.

"मग जनरल मागे कोपऱ्यातच ठेवूया ना" असं म्हणणारे खूप भेटतात. नाही. कोपऱ्यातल्या जनरलभोवती तीनच घरं असतात, चौथा मिनियन शेजारी येऊ शकत नाही, पळायला जागा नाही, आणि टाइल तिन्ही समोरच्याच्या. २५ हेल्थ मिरवायला नसते, खर्चायला असते. सुरुवातीला जनरलने दोन हेल्थचा मिनियन स्वतः मारला आणि दोन डॅमेज खाल्लं तर एक पत्ता वाचला, चांगला सौदा. पंधराच्या खाली आल्यावर मात्र हात आखडता घ्या. शेवटच्या उभ्या रांगेत, पटाच्या कडेला पाठ लावून उभं राहायचं ते फक्त साँघायसमोर, कारण त्यांचा बॅकस्टॅब (पाठीत केलेला जास्तीचा वार) मागून येतो आणि मागे घरच नसेल तर येणार कुठून.

घोळका करू नका, पण ही चूक सगळे लायोनारवाले करतात कारण झीलमुळे सगळे जनरलला चिकटून उभे. मग सहा मानाला मॅगमारचा मकँटर वॉरबीस्ट येतो, रश आणि फ्रेन्झी दोन्ही, मध्ये घुसून आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम झोडपतो. लायोनारविरुद्ध लायोनार असेल तर होली इमोलेशन हा स्पेल तेच काम करतो. समोर मॅगमार आणि त्याच्याकडे सहा माना, टाइल धरून, हे दिसलं की जनरलजवळ एक मिनियन आणि बाकीचे लांब. झील गेलं तर गेलं.

चालीतला क्रम: आधी पत्ता बदला, मग आहेत त्यांनी मारा, मग जनरल हलवा, मग नवीन मिनियन ठेवा. याला अपवाद येतात पण सवय हीच लावा, कारण मारून मोकळी झालेली घरं ठेवायला उपयोगी पडतात आणि जनरल हलल्याशिवाय कुठे ठेवता येईल ते ठरतच नाही.

डेक. जनरल सोडून ३९ पत्ते, एका पत्त्याच्या तीन प्रती चालतात. दोन मानाचे मिनियन आठ-नऊ तरी हवेत, हीलिंग मिस्टिक हा मिनियन त्यात घ्याच. महागडे लेजंडरी (सगळ्यात दुर्मिळ) पत्ते नसतील तर नसू देत. एफेमरल श्राउड हा मिनियन मात्र दोन ठेवा, शेजारच्या घरातली जादू पुसतो, आणि समोरच्याने एका मिनियनवर चार पत्ते लावून त्याला राक्षस केलेला असतो तेव्हा दोन मानात सगळं साफ.