गणितात ३६ मार्क आणि अल्ट्रासॉनिक लेव्हल टू

"तुझी दहावीची मार्कलिस्ट बघितलीया मी. गणितात छत्तीस. अल्ट्रासॉनिकला साइन-टॅन लागतंय. तू आपला वाळूतच बरा हाईस."

२०१८ च्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या (लोखंडाचा रस साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) क्वालिटी हेडनी मला हे सांगितलं. कंपनी दोघांना अल्ट्रासॉनिक टेस्टिंगच्या, म्हणजे आवाजानं लोखंडाच्या आतले दोष शोधायच्या, कोर्सला पाठवणार होती, आणि माझंही नाव घ्या असं सांगायला मी केबिनमध्ये गेलो होतो. वय २३, शिक्षण आयटीआय फिटर, तीन वर्षं सँड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची वाळू तपासायच्या खोलीत. साहेब ओरडले नाहीत. समजूत घातल्यासारखं बोलले, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सँड लॅबमध्ये मी काय करायचो ते आधी सांगतो, कारण माझ्यासारखी बरीच पोरं आज तिथं उभी आहेत. दर अर्ध्या तासानं मिक्सरवरून वाळू आणायची. तीन ठोके देऊन ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा नमुना बनवायचा. ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते), हवा जाऊ देण्याची क्षमता आणि ताकद मोजून रजिस्टरला लिहायची. ओलावा साडेतीन टक्क्यांवरून साडेचारवर सरकला की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, वायूची छिद्रं येणार, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रजिस्टरचं पान आणि रिजेक्शनचा ढीग शेजारी ठेवून बघताना ते कळलं होतं. म्हणजे दिवसभर मी आकड्यांतच होतो. पण त्याला गणित म्हणतात हे ना मला माहीत होतं, ना साहेबांना.

चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली आणि गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात मदतनीस म्हणून लागलो. पगार तेवढाच. फरक एकच होता, तिथं अल्ट्रासॉनिकचं मशीन होतं आणि ते चालवणारे अण्णा शिकवायला राजी होते. नोकरी बदलताना पोरं पगाराचा आकडा विचारतात. तुमचं वय पंचविशीच्या आत असेल तर शिकवणारा माणूस तिथं आहे का, हे आधी विचारा.

साहेबांचं ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. त्या रागावर तीन आठवडे अभ्यास झाला. चौथ्या आठवड्यात दुसरी पाळी करून रात्री बाराला टोप गावी घरी पोचलो की राग शिल्लक असायचा, पण हात वहीकडे जायचा नाही. मग पद्धत बदलली. घरी बसून धडे वाचणं बंद केलं. त्या दिवशी कामावर जो जॉब हातात आला, त्याच्यावरच एक गणित करायचं आणि जेवणाच्या सुट्टीत अण्णांना दाखवायचं. दिवसाला एकच. हे मी जवळजवळ वर्षभर केलं आणि याच्यावरच मी लेव्हल टूची, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणीच्या प्रमाणपत्रातल्या मधल्या पायरीची, परीक्षा पास झालो, असं माझं ठाम मत आहे.

अल्ट्रासॉनिक म्हणजे काय, ते आईनं बाजारात मडकं वाजवून घेताना आपण सगळ्यांनी बघितलंय. चिरलेलं मडकं बद्द वाजतं. इथं कानाला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज प्रोबमधून, म्हणजे मशीनला जोडलेल्या हातातल्या तुकड्यातून, लोखंडात सोडायचा. तो मागच्या भिंतीवर किंवा मधल्या दोषावर आपटून परत येतो, आणि यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. पोलादात हा आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. जाणं आणि येणं दोन्ही असल्यामुळं वेग गुणिले वेळ, भागिले दोन. सातवी-आठवीचं गणित.

या परीक्षेला खरोखर किती गणित लागतं, ते मोजून सांगतो, कारण भीती तिथंच बसलेली असते. वेग-वेळ-अंतर. त्रैराशिक. साइन आणि टॅन. डेसिबल, म्हणजे आवाज किती पट कमी-जास्त झाला ते सांगायचं माप. आणि दोन-तीन सूत्रं. बास.

साइन-टॅनसाठी मी बालभारतीची नववी-दहावीची गणित भाग दोनची पुस्तकं काढली. ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि मराठीत आहेत. पण डोक्यात प्रकाश पडला तो कंपासपेटीमुळं. अण्णांनी २० मिलिमीटर जाडीची प्लेट आलेख कागदावर खऱ्या मापात काढायला लावली. कोनमापकानं ६० अंशांची रेघ मारली. ती तळाला टेकली, तिथून तेवढ्याच कोनात परत वर आणली आणि वरच्या पृष्ठभागावरचं अंतर पट्टीनं मोजलं तर ६९ मिलिमीटर आलं. मग कॅल्क्युलेटरवर केलं. दोन गुणिले २० गुणिले टॅन ६०, म्हणजे १.७३. उत्तर तेच, ६९. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या प्लेटवर प्रोब बरोबर तेवढा मागं सरकवला आणि वरच्या कडेचा दोष पडद्यावर उभा राहिला. दहावीत टॅन म्हणजे काय हे मला कुणी असं दाखवलं असतं, तर माझे मार्क कदाचित वेगळे असते.

डेसिबलची लॉगॅरिदम मला आजही झटकन सुटत नाही. पण कामाला लागतं ते एवढंच की ६ डेसिबल कमी केले की पडद्यावरचा इको (परत आलेल्या आवाजाची उभी रेघ) निम्म्यावर येतो, १२ ला पाव आणि २० ला एक दशांश. बटण फिरवून ८० टक्क्यांचा इको ४० वर आणून बघा, आयुष्यभर लक्षात राहतं. नियर फील्ड म्हणजे प्रोबच्या लगेच पुढचा, इकोच्या उंचीचा भरवसा नसलेला पट्टा. त्याचं सूत्रही असंच सोपं. प्रोबच्या व्यासाचा वर्ग, भागिले चार गुणिले तरंगलांबी. २४ मिलिमीटरचा, २ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला तर पोलादात तरंगलांबी २.९५ मिलिमीटर आणि नियर फील्ड सुमारे ४९ मिलिमीटर. त्याच्या आत इकोच्या उंचीवरून दोषाचा आकार ठरवायला जाऊ नये. सूत्र पाठ करणारी पोरं ही शेवटची ओळ विसरतात, आणि परीक्षेत प्रश्न नेमका तिच्यावर येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. टोप नदीच्या अलीकडं, कारखाना पलीकडं, त्यामुळं मी घरीच अडकलो. गावात आलेल्या पूरग्रस्तांसाठी दिवसभर भाकरी गोळा करायचं काम होतं. रात्री वीज असली तर वही, नसली तर मेणबत्ती. त्या दिवसांत मी नवीन काही वाचलं नाही. आठ महिन्यांची सगळी गणितं पहिल्यापासून परत सोडवली. पाणी ओसरल्यावर कामावर गेलो तेव्हा अण्णांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी वही उघडली नाही.

इंग्रजीचा अडसर बहुतेकांना असतो. सगळं साहित्य इंग्रजीत आहे आणि परीक्षाही. मी प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायचा नाद सोडून दिला. शब्द तोच ठेवायचा आणि पुढं अर्थ आपल्या बोलीत लिहायचा. ॲटेन्युएशन म्हणजे आवाज पुढं जाता जाता विरणं. कपलंट म्हणजे प्रोब आणि जॉबमधली हवा घालवणारं ग्रीस किंवा तेल. असे दोनशेच्या आसपास शब्द झाले. प्रश्नपत्रिकेचं इंग्रजी त्या दोनशे शब्दांच्या फार बाहेर जात नाही.

आता कागदपत्रांबद्दल. यात नवीन पोरं फसतात, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडं बहुतेक कारखान्यांत एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकन पद्धतीनं तपासणाऱ्याला लेव्हल वन, टू, थ्री अशी चढती पायरी दिली जाते. तिच्यात प्रमाणपत्र देणारी खरी जबाबदार असते ती तुमची कंपनी. इन्स्टिट्यूट शिकवते, परीक्षा घेते, पण कंपनी सोडली की ते सर्टिफिकेशन नव्या मालकानं पुन्हा द्यावं लागतं. अल्ट्रासॉनिकसाठी लेव्हल वनचे ४० आणि लेव्हल टूचे ४० तास प्रशिक्षण त्यात सुचवलंय, वर प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे. चार दिवसांत लेव्हल टू देतो म्हणणाऱ्याला हे ८० तास कुठं बसवले ते विचारा, आणि त्यांचा लेव्हल थ्री कोण आहे तेही विचारा. कामाचे तास रोज वहीत लिहा आणि वरिष्ठाची सही घ्या. दोन वर्षांनी मागं जाऊन त्या सह्या मिळत नाहीत. जवळच्या नजरेची तपासणी दरवर्षी लागते. चष्मा लागला तर लाजू नका, चष्म्यासह चालतं.

परीक्षा तीन भागांची असते. जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल. प्रत्येकात किमान ७० टक्के आणि तिन्हींची सरासरी ८०. मी दोन पगार साठवून कोर्स केला आणि जानेवारी २०२० मध्ये परीक्षेला बसलो. जनरलमध्ये ८८, प्रॅक्टिकलमध्ये ८६, स्पेसिफिकमध्ये ६५. नापास. ज्या गणिताची भीती घातली गेली होती ते सुटलं आणि मी अडकलो कोड, म्हणजे तपासणीची लेखी नियमावली, वाचण्यात. स्पेसिफिकमध्ये कंपनीची लेखी कार्यपद्धती, स्वीकारायचे निकष, वापरातलं मशीन यांवर प्रश्न असतात. मी ते एकदाच वरवर वाचलं होतं. त्या रात्री साहेबांचं वाक्य पुन्हा कानात वाजलं हे खरं आहे. पुन्हा बसायला किमान ३० दिवस थांबावं, नाहीतर जादा प्रशिक्षण घ्यावं, असं त्या पद्धतीत सुचवलंय. मी थांबलो. त्या दिवसांत मी आमच्या कार्यपद्धतीचा प्रत्येक परिच्छेद हातानं लिहून काढला आणि प्रत्येकाखाली "हे असंच का?" याचं उत्तर लिहिलं. दुसऱ्या वेळी ८५ आले.

२०२२ मध्ये मी एसजी आयर्नच्या (चिवट ओतीव लोखंडाच्या) बॉडी, म्हणजे यंत्राची बाहेरची कवचं, मशीन करून जोडणाऱ्या कंपनीत क्वालिटीत होतो. कास्टिंग यायची त्याच जुन्या फाउंड्रीतून. एका लॉटमधल्या काही बॉडी मी अडवल्या, आणि जुने साहेब स्वतः आले. त्यांचं म्हणणं, दिसायला माल स्वच्छ आहे, छिद्र नाही, भेग नाही, मग अडवला कशासाठी?

एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असायला हवा. मॅग्नेशियम घातल्यानं तो गोळ्यांचा होतो, पण प्रक्रिया झालेला रस लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) जास्त वेळ थांबला की मॅग्नेशियम उडतं, आणि शेवटी भरलेल्या साच्याच्या बॉक्समध्ये ग्राफाइट पुन्हा पाकळ्यांसारखा व्हायला लागतो. डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजाला कळतं. चांगल्या एसजीमध्ये आवाजाचा वेग साडेपाच हजारांच्या वर असतो, पाकळ्या वाढल्या की तो घसरतो.

मी साहेबांसमोर व्हर्नियरनं जाडी घेतली. ३०.० मिलिमीटर. मशीन पोलादाच्या ५,९२० वेगावर लावलेलं होतं. चांगल्या बॉडीवर ते ३१.७ दाखवत होतं, अडवलेल्यावर ३५.५. मग कागदावर त्रैराशिक मांडलं. ५,९२० गुणिले ३०, भागिले ३१.७, म्हणजे सुमारे ५,६००. दुसरीचं भागिले ३५.५, म्हणजे सुमारे ५,०००.

"परत घे," साहेब म्हणाले. मी प्रोब त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तीन ठिकाणी घेतलं. ३५.४, ३५.५, ३५.५. एक बॉडी कापून मायक्रोस्कोपखाली बघायचं ठरलं, आणि दुपारपर्यंत पाकळ्या सगळ्यांनी बघितल्या. लॅडलमधला शेवटचा रस होता. चहा घेताना साहेबांनी माझ्या त्रैराशिकाचा कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "छत्तीसवर मी निकाल लावायला नको होता." मी त्यांना नमस्कार केला. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. सकाळपासून माझं सगळं लक्ष तिसऱ्या रीडिंगकडं होतं, आणि ते बरोबर आल्याचा आनंद त्याहून मोठा होता, तेही तितकंच खरं.

गेल्या महिन्यात त्याच फाउंड्रीतून एका पोराचा फोन आला. सँड लॅबला आहे, नंबर साहेबांनी दिला म्हणाला. पहिला प्रश्न, "दादा, गणित लई लागतंय का?" मी त्याला आमच्या सुट्टीच्या सोमवारी व्ही-१ ब्लॉक (मशीन जुळवायचा मापाचा ठोकळा) आणि मशीन बघायला बोलावलंय. सोबत तीन गोष्टी आणायला सांगितल्यात. त्याचं वाळूचं रजिस्टर, कोरी वही आणि कंपासपेटी.