पायाचा मुरूम आणि तलाठ्याची नोटीस

उताराचा प्लॉट, त्यामुळे जेसीबीने पाया खणताच मुरमाचा ढीग लागला. कोणीतरी तक्रार केली आणि तलाठी भाऊसाहेब टेप घेऊन हजर. तीस बाय दहा बाय पाच फूट, म्हणजे पंधरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). विनापरवाना उत्खनन! जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. घशाला कोरड पडली.

ओळखीच्या वकिलांनी 2015 ची नियमदुरुस्ती काढून दिली: प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली, तर स्वामित्वधन (सरकारला भरायची रॉयल्टी) नाही. मंजूर नकाशा, भरावाचे फोटो जोडून खुलासा दिला. नोटीस निकाली निघाली.

चार ब्रास मात्र उरला. शेजारी फुकट मागत होता (तक्रार त्याचीच असावी!). पण हा मुरूम प्लॉटबाहेर जाणार, म्हणून आधी रॉयल्टी भरली, वाहतूक पास घेतला, मगच डंपर हलवला.